गावचा प्रश्न आणि संशोधकाची वाट

(व्याख्यानाचे शब्दांकन)



२०२४ सालच्या डिसेंबर महिन्यात शेगाव तालुक्यातील काही गावांत एक विचित्र प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा यांसारख्या गावांत माणसांच्या डोक्याला प्रथम खाज सुटे, मग केस हाताला येऊ लागत आणि तीन-चार दिवसांत डोक्यावर टक्कल पडे. लहान मूल, तरुण मुलगी, कर्ती गृहिणी, वृद्ध शेतकरी असा भेद त्यात नव्हता. जानेवारी २०२५ पर्यंत १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. दुखणे जीवघेणे नव्हते हे खरे. परंतु ज्या मुलीचे लग्न ठरावयाचे आहे तिच्या घरात त्या दिवसांत काय अवस्था झाली असेल, हे कोणाला सांगावयास नको. मुले शाळेत जाण्यास लाजू लागली. बुलढाणा जिल्ह्याचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले, तेही अशा कारणाने.

कारण कोणालाच उमगेना. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा परिसर पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात मोडतो. तेथील विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी खारे. त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. बुरशीचा संसर्ग असावा, असेही काहींना वाटले. आरोग्य खात्याची पथके आली, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे तज्ज्ञ आले, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने गोळा झाले. याच काळात रायगड जिल्ह्यातील महाड येथे आयुष्यभर रुग्णसेवा केलेले ७३ वर्षांचे डॉ. हिंमतराव बावस्कर या गावांत पोहोचले. त्यांनी रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला : तुम्ही खाता काय?

उत्तर घराघरांत एकच होते. गहू, आणि तोही स्वस्त धान्य दुकानातील. डॉ. बावस्कर यांनी त्या गव्हाची प्रयोगशाळेत तपासणी करविली. एका नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. गहू धुऊन पाहिला तरी ते १३.६१ च राहिले. म्हणजे आपल्या गृहिणी ज्या उपायावर भरवसा ठेवतात, तो धुण्याचा उपाय येथे निरुपयोगी होता, कारण द्रव्य दाण्याच्या अंगातच मुरलेले होते. सेलेनियम शरीराला हवे असते, पण अत्यल्प. अमेरिकेतील तज्ज्ञांनी प्रौढ व्यक्तीसाठी ठरविलेली दिवसाची कमाल मर्यादा ०.४ मिलिग्रॅम आहे. अशा गव्हाच्या तीनशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात चार मिलिग्रॅमहून अधिक, म्हणजे मर्यादेच्या दहापट सेलेनियम जाते. बावस्करांच्या तपासणीत रुग्णांच्या रक्तातील सेलेनियम ३५ पट, लघवीतील ६० पट आणि केसांतील १५० पट वाढलेले आढळले, तर जस्ताचे प्रमाण घटलेले होते. हा गहू पंजाबातून आलेला असल्याचे त्यांनी सांगितले. पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर भागातील काही जमिनीत सेलेनियम अधिक असते, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या आरंभी याच द्रव्यामुळे शेकडो लोकांचे केस व नखे गळाली होती.

ही हकीकत येथे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आजच्या विषयाचे सारे सूत्र तिच्यात सामावलेले आहे. गावातील दुखणे प्रयोगशाळेपर्यंत गेले, प्रयोगशाळेतील आकडा पुन्हा गावातील पिठाच्या डब्यापर्यंत आला. या ये-जा करण्याच्या शास्त्राला आज ‘ट्रान्सलेशनल हेल्थ रिसर्च’ असे नाव आहे. नाव जड वाटले तरी अर्थ सोपा आहे. प्रयोगशाळेत सापडलेले ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत व पुढे साऱ्या समाजापर्यंत पोहोचविणे, आणि रुग्णाच्या खाटेवर उभा राहिलेला प्रश्न पुन्हा प्रयोगशाळेकडे नेणे. या विषयात विद्यावाचस्पती म्हणजे पीएच. डी. ही पदवी मिळविण्याची वाट आता विद्यार्थ्यांना खुली आहे. त्या वाटेवर काय असते, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला तिचे प्रयोजन काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

मधले अंतर

शोध लागला की त्याचा लाभ लगेच मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले एक गणित आरोग्यक्षेत्रात वारंवार सांगितले जाते. त्यानुसार मूळ संशोधनापैकी जेमतेम १४ टक्के संशोधन रुग्णाच्या उपयोगी पडते, आणि त्यासही सरासरी १७ वर्षे लागतात. उरलेले ग्रंथालयांत पडून राहते. कधी औषध महाग ठरते, कधी ते खेड्यातील दवाखान्यात टिकत नाही, कधी डॉक्टरांपर्यंत माहिती पोहोचत नाही, आणि कधी लोकांना कोणी समजावूनच सांगत नाही. हे मधले अंतर कापण्यासाठी जो विद्यार्थी पाच-सहा वर्षे देतो, तो या विषयाचा संशोधक होय.

महाराष्ट्रात हे अंतर कापणारी माणसे होऊन गेली आणि आजही आहेत. त्यांपैकी तिघांची उदाहरणे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

कमल रणदिवे : पदवीनंतरचे कार्य

पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमल समर्थ यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यावे, अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. वडील स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. कमल यांचा ओढा मात्र वनस्पती आणि प्राणी यांच्या अभ्यासाकडे होता. १९४३ साली त्यांनी एम. एस्सी. केले ते सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर. १९३९ मध्ये विवाह होऊन त्या कमल रणदिवे झाल्या आणि मुंबईस आल्या. टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करीत, विख्यात रोगनिदानतज्ज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. सीताफळाच्या पेशी पाहणारी दृष्टी आता कर्करोगाच्या पेशींवर स्थिरावली.

पदवी हाती आली की बहुतेकांचा अभ्यास संपतो. त्यांचा तेथून सुरू झाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले. परदेशी राहणे त्यांना अशक्य नव्हते. त्या परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा संबंध काय, यावर उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी प्रकाश टाकला. कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरही त्यांनी काम केले. त्या केंद्रात वाढविलेल्या जिवाणूंच्या आधारे पुढे लस तयार करण्यात आली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी पुरेसे होते. परंतु उत्तरायुष्यात त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी घेतल्या आणि खेड्यातील स्त्रियांना आरोग्याचे धडे दिले. सूक्ष्मदर्शकाखालील पेशीपासून निघालेली विदुषी आदिवासी पाड्यावरील मुलाच्या ताटापर्यंत पोहोचली.

डॉ. बावस्कर : रुग्णाने दिलेला विषय

दुसरे उदाहरण पुन्हा डॉ. हिंमतराव बावस्करांचेच. त्यांचा जन्म भोकरदन तालुक्यातील देहेड या गावचा, म्हणजे बुलढाण्याच्या शेजारच्याच तालुक्यातील. घरची गरिबी. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात शिकून १९७६ साली ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावत. गंभीर दंश झालेल्या शंभरांपैकी सुमारे चाळीस जण मरत. पुस्तकांत नेमका उपाय नव्हता.

तरुण डॉक्टरांनी रुग्णाच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसून नोंदी केल्या : घाम केव्हा येतो, हातपाय केव्हा गार पडतात, छातीत पाणी केव्हा भरते. १९८२ साली त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात व हृदयावर ताण येतो, तर रक्तवाहिन्या सैल करणारे औषध का देऊ नये, असा विचार करून त्यांनी रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ हे स्वस्त औषध वापरले. मृत्यूचे प्रमाण शेकडा चाळीसवरून सुमारे एकावर आले. पुढे प्रतिविष उपलब्ध झाले तेव्हाही त्यांनी ते केवळ नवे म्हणून स्वीकारले नाही. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी ७० रुग्णांचे दोन गट करून तुलना केली. नुसत्या प्राझोसिनने बरे होण्यास सरासरी सुमारे १८ तास लागत, तर प्रतिविषाची जोड दिल्यास आठ तास. २०११ साली हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

संशोधनाचा विषय कोठे शोधावा, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. बावस्करांना तो विषय त्यांच्या रुग्णाने दिला.

गडचिरोली : शेवटची पायरी

तिसरे उदाहरण विदर्भाच्या दुसऱ्या टोकाचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. नवजात अर्भके घरातच मरतात आणि दवाखाना दूर आहे, हा तेथील प्रश्न. त्यांनी ३९ गावांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे शिकविले, आणि शेजारच्या तशाच गावांशी काटेकोर तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. १९९९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत ही घरोघरची नवजात सेवा देशभर लागू केली.

१९९९ आणि २०११ यांच्यामधील बारा वर्षे विद्यार्थ्यांनी नीट पाहावीत. शोध सिद्ध झाला होता. तरीही तो अन्य ठिकाणी करून दाखविणे, अधिकाऱ्यांस पटविणे, प्रशिक्षणाची पुस्तके लिहिणे, आशाताईंच्या पिशवीत कोणती उपकरणे असावीत हे ठरविणे, या साऱ्यास बारा वर्षे गेली. शेवटची पायरी सर्वांत उंच असते. या नव्या विद्याशाखेत शिकविले जाते ते मुख्यतः ती पायरी चढण्याचे शास्त्र.

पीएच. डी.ची प्रत्यक्ष वाट

आता व्यावहारिक भाग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवी घेतलेला, किंवा चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पीएच. डी.साठी पात्र ठरतो. प्रवेशपरीक्षा व मुलाखत होते. आरंभी संशोधनपद्धती आणि संशोधनातील नीती यांचा अभ्यासक्रम असतो. किमान कालावधी तीन वर्षे, कमाल सहा. स्त्रियांना दोन वर्षांची अधिक सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा मिळते. दर सहामाहीस सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. शेवटी प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि खुली मौखिक परीक्षा होते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात.

फरिदाबाद येथील ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट ही केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था याच विषयासाठी आहे. महाराष्ट्रात खारघरचे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र आहे, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, मुंबईत प्रजनन व बालआरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. या वाटेवर केवळ डॉक्टरच चालतात असे नाही. कमलताई वनस्पतींच्या अभ्यासातून आल्या. औषधनिर्माणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, परिचर्या, पोषणशास्त्र, समाजशास्त्र या सर्वांची येथे गरज असते. गव्हातील सेलेनियम मोजणारा रसायनतज्ज्ञ, कोणत्या घरात कोण आजारी पडले याचा हिशेब लावणारा संख्याशास्त्रज्ञ, आणि घाबरलेल्या आईशी तिच्या वऱ्हाडी बोलीत बोलणारा कार्यकर्ता, तिघेही एकाच कामाचे भागीदार असतात.

वाट सोपी मात्र नाही. प्रयोग फसतात. दोन वर्षे जपलेली कल्पना आकड्यांपुढे कोसळते. अशा वेळी आकडा वाकविण्याचा मोह होतो, आणि विद्यार्थ्याची खरी परीक्षा तेव्हाच असते. इतर विषयांत खोट्या आकड्याने कदाचित केवळ प्रबंध बिघडत असेल. येथे माणसाचा जीव जाऊ शकतो. ज्याच्या शरीरातून रक्ताचा नमुना घ्यावयाचा, त्याला त्याच्या भाषेत सारे समजावून, त्याची राजीखुशीची संमती घेऊनच तो घ्यावा लागतो. आणि नमुना घेतला की उत्तर परत देण्याची जबाबदारीही येते. अनेक गावांचा अनुभव असा की, पथके येतात, सुया टोचतात, निघून जातात, आणि निष्कर्ष काय निघाला हे गावाला वर्तमानपत्रातून कळते, किंवा कळतच नाही. गावाचे हे ऋण ज्याने फेडले नाही, त्याचे संशोधन अर्ध्यावरच राहिले असे म्हणावे लागेल.

बुलढाण्याचे न सुटलेले प्रश्न

शेगावच्या घटनेने जिल्ह्यापुढे संशोधनाची कितीतरी दालने उघडली आहेत. एकाच घरातील, एकाच पिठाच्या पोळ्या खाणाऱ्या पाचांपैकी दोघांचेच केस का गळावेत? जस्त कमी असलेल्या शरीरावर सेलेनियमचा परिणाम अधिक होतो काय? स्वस्त धान्य दुकानात पोते उघडण्यापूर्वी तेथेच तपासणी करता येईल, असे स्वस्त साधन बनविता येईल काय? यांतील प्रत्येक प्रश्न एका प्रबंधाचा विषय आहे. खारपाण पट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. त्यात पाण्याचा वाटा किती, उन्हातील कष्टांचा किती, वेदनाशामक गोळ्यांचा किती, हे वेगवेगळे मोजून दाखवावयास चिकाटीचा माणूस हवा. २०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्यातील प्रश्न जिल्ह्यातच अभ्यासण्याची सोय पूर्वी नव्हती. ती आता आकार घेऊ शकेल.

केसगळतीच्या वेळी ७३ वर्षांच्या डॉक्टरांना महाडहून यावे लागले. त्यांचे उपकार आहेतच. पण मलकापूरचा, खामगावचा, चिखलीचा, मेहकरचा एखादा तरुण किंवा तरुणी पहिल्याच आठवड्यात त्या गावात का पोहोचू शकली नाही, हा प्रश्न जिल्ह्यातील प्रत्येक सुजाण घराने स्वतःस विचारावयास हवा.

घराची आणि समाजाची भूमिका

व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी पीएच. डी. करू इच्छिते तेव्हा घरात तीन प्रश्न हमखास निघतात. इतकी वर्षे कशासाठी? कमाई केव्हा? लग्नाचे काय? हे प्रश्न चुकीचे नाहीत. प्रपंचाची काळजी करणाऱ्यांनी ते विचारलेच पाहिजेत. परंतु पेढी उभी राहण्यास जशी दहा वर्षे लागतात आणि त्या काळात घरचे पाठीशी राहतात, तसाच हाही व्यवहार आहे. कमल रणदिवे यांनी विवाहानंतर दहा वर्षांनी पीएच. डी. मिळविली, हे मुलींच्या आईवडिलांनी ध्यानात ठेवावे.

समाजाने रुग्णालयांस देणग्या दिल्या, औषधालये चालविली, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे बांधली. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांची शिकवण येथील घराघरांत आहे. आरोग्यसंशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास साहाय्य केले, तर त्यांतील औषध आणि शास्त्र ही दोन्ही दाने एका ठिकाणी येतात. साहाय्य मोठेच असावे लागते असे नाही. शिष्यवृत्तीची रक्कम काही महिने लांबते, तेव्हा तेवढ्या काळापुरता बिनव्याजी आधार द्यावा. पुण्या-मुंबईत मुलाखतीस जाणाऱ्या मुलीच्या राहण्याची सोय करावी. गावात नमुने गोळा करण्यास आलेल्या संशोधकास आपल्या दुकानाची ओसरी द्यावी आणि लोकांना त्याची ओळख करून द्यावी. गावाचा विश्वास शिष्यवृत्तीतून विकत घेता येत नाही. आणि तो परत आल्यावर, सापडले काय आणि सापडले नाही काय, हे विचारण्यासाठी त्याला अशाच सभेत उभे करावे.

त्या सभेत बोंडगावची एखादी आजी पहिल्या रांगेत बसलेली असावी. तिच्या रक्ताचा थेंब ज्या कागदावर आकडा होऊन उतरला, तो कागद त्या तरुण संशोधकाने तिला तिच्या बोलीत वाचून दाखवावा, आणि तिने मान डोलवून म्हणावे की, समजले. ज्या दिवशी असे घडेल, त्या दिवशी त्याच्या पदवीवर खरी मोहोर उमटेल. जिल्ह्यातील तरुण पिढीकडून तो दिवस लवकर उगवो, हीच सदिच्छा.